घाम काय सांगतो?

भिंगार गावातून एक मोठा रस्ता जातो. तो नगरहून येतो आणि चांदबिबीच्या महालाच्या बाजूने पुढे पाथर्डीकडे जातो. सकाळी या रस्त्याने गवंडी, बिगारी, शेतमजूर कामाला निघतात. दिवस मावळताना ते परत येतात. परत येणाऱ्या माणसाच्या पाठीकडे तुम्ही कधी नीट पाहिले आहे का? सदरा वाळलेला असतो. पण पाठीवर एक वेडीवाकडी पांढरी रेघ उमटलेली असते. जणू कोणी खडूने नकाशा काढला आहे.

ही रेघ कसली? ती मिठाची. खोटे वाटत असेल तर जिभेला लावून पाहा.

आपल्या जिल्ह्यात प्रवरेच्या कालव्याखाली काही जमिनी खारवट झाल्या. पाणी भरपूर दिले, ते उन्हाने उडून गेले, आणि मागे पांढरा थर राहिला. सदऱ्यावरही तेच होते. घामातले पाणी उडून जाते. मीठ मागे राहते.

आमच्या ओळखीचा एक गवंडी आहे. त्याला सगळे अण्णा म्हणतात. एका एप्रिल महिन्यात त्याच्याकडे स्लॅबचे काम होते. स्लॅबचे काम मध्येच थांबवता येत नाही, हे तुम्हाला ठाऊकच आहे. अण्णा सकाळपासून उन्हात उभा. तहान लागली की घटाघट पाणी प्यायचा. दुपारी तीनच्या सुमारास त्याच्या पोटऱ्यांत गोळे आले. मग मांड्यांत आले. मग पोटातही आले. हातातली थापी गळून पडली. कोणी म्हणाले, ऊन लागले. कोणी त्याच्या खिशात कांदा ठेवला. तेवढ्यात आशाताई रस्त्याने जात होत्या. त्या थांबल्या.

"अण्णा, पाणी प्यालात का?"

"लई प्यालो ताई. कळशी रिकामी केली."

"आणि मीठ?"

"मीठ? मीठ कशाला प्यायचं?"

ताईंनी त्याला सावलीत बसवले. पिशवीतून जलसंजीवनीचे पाकीट काढले. ते एक लिटर पाण्यात कालवले आणि घोट घोट पाजले. थोड्या वेळाने गोळे उतरले. मग ताईंनी त्याचा सदरा धरून दाखवला. "हे बघा. तुमचं मीठ इथं येऊन बसलंय."

खिशातला कांदा तसाच होता. कांदा भाकरीबरोबर खावा. खिशात ठेवून काही होत नाही.

आता मुळापासून पाहू. घाम येतो कशाला?

रांजणातले पाणी गार का होते, हे आठवा. मातीच्या मडक्यातून थोडे थोडे पाणी बाहेर पाझरते. ते वाऱ्याने उडून जाते. उडताना मडक्याची उष्णता घेऊन जाते. आपले शरीरही असाच रांजण आहे. कातडीखाली वीस ते चाळीस लाख बारीक ग्रंथी आहेत. काम केले की अंगात उष्णता तयार होते. वरून ऊन तापवते. मग या ग्रंथी पाणी बाहेर सोडतात. ते अंगावर वाळते, आणि अंग निवते. एक लिटर घाम अंगावर वाळला, तर तो किती उष्णता नेतो? सुमारे सात लिटर गार पाणी उकळायला जेवढी लागते तेवढी! एवढी उष्णता अंगातच राहिली असती तर माणूस जगला नसता.

पण घाम वाळला पाहिजे हं. नुसता टपटप गळून गेला, तर त्याचा उपयोग नाही. मुंबईची हवा दमट. तिथे घाम वाळत नाही, गळतो. म्हणून तिथे पारा कमी असला तरी माणूस कासावीस होतो. १६ एप्रिल २०२३ रोजी नवी मुंबईत खारघरच्या मैदानावर महाराष्ट्रभूषण पुरस्काराचा सोहळा झाला. लाखो माणसे उघड्यावर बसली होती. त्या दिवशी ऊन बाधून पुढे १४ जण दगावले. ती माणसे स्लॅब टाकत नव्हती. नुसती बसली होती.

नगरची हवा याच्या उलट. कोरडी. इथे घाम येतो आणि लगेच वाळून जातो. माणसाला वाटते, आज घामच आला नाही. पण अंगातून पाणी जातच असते. अशा हवेत कष्टाचे काम करणाऱ्याच्या अंगातून तासाला एक लिटर, कधी त्याहूनही जास्त, घाम जातो. आणि आपल्याला पत्ताही लागत नाही.

"तहान लागली की पाणी प्यावे" असे आपण म्हणतो. एरवी ते बरोबर आहे. पण भर उन्हातल्या कष्टात तहानेवर भरवसा ठेवू नये. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ॲडॉल्फ नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञाने वाळवंटात सैनिकांवर प्रयोग केले. सैनिकांपुढे हवे तेवढे पाणी ठेवलेले असे. तरीही ते घामाइतके पाणी पीत नसत. तहान भागली म्हणून थांबत, आणि अंगात पाणी कमीच राही. हे सारे १९४७ साली पुस्तकात छापून आले. भिंगारजवळ लष्कराची मोठी छावणी आहे. रणगाड्यांवरच्या जवानांचे शिक्षण नगरला चालते. उन्हाळ्यात लोखंडी रणगाड्यात बसणाऱ्या जवानाला ही गोष्ट वेगळी सांगावी लागणार नाही.

आता मिठाकडे वळू. इथे शरीराची एक युक्ती आहे. ती मला फार नवलाची वाटते. ग्रंथीच्या तळाशी घाम तयार होतो, तेव्हा तो रक्ताइतकाच खारट असतो. मग तो बारीक नळीतून वर चढतो. चढता चढता नळीच्या भिंती त्यातले मीठ परत ओढून घेतात. काटकसरी बाईने डाळ धुतलेले पाणी झाडाला घालावे, तसे. पण घाम फार जोरात वाहू लागला, तर भिंतींना वेळ मिळत नाही. मीठ निसटते. म्हणून एकाच माणसाचा घाम कधी कमी खारट असतो, कधी जास्त. माणसामाणसातही फरक असतो. कोणाच्या एक लिटर घामात ग्रॅमभर मीठ असते, कोणाच्या चार ग्रॅम. एकाच स्लॅबवर दोन गवंडी काम करतात. एकाला गोळे येतात, दुसऱ्याला येत नाहीत. त्याचे हेही एक कारण आहे.

शरीराला उन्हाची सवयही होते. रोज थोडे थोडे उन्हात काम केले, तर आठ-पंधरा दिवसांत घाम लवकर सुटू लागतो आणि त्यात मीठ कमी जाते. म्हणून आजारातून उठलेल्या किंवा गावाहून नव्याने आलेल्या गड्याला पहिल्याच दिवशी भर उन्हात पूर्ण कामाला जुंपू नये. मुकादमांनी हे जरूर लक्षात ठेवावे.

इंग्लंडात शंभर वर्षांपूर्वी कोळशाच्या खोल खाणीत अण्णासारखेच झाले. खाणीत उष्मा भयंकर. मजूर घामाने निथळत, आणि नुसते पाणी पीत. मग त्यांना पेटके येत. १९२० नंतरच्या दशकात तिथल्या शास्त्रज्ञांनी शोधून काढले की मीठ घामातून जाते आणि वरून साधे पाणी पडत राहते. त्यामुळे रक्तातले मीठ आणखी पातळ होते. पाण्यात थोडे मीठ घालून दिले, आणि पेटके थांबले.

म्हणजे घाम हा नुसता कचरा नाही. अंगात काय चालले आहे, याची खबर त्यात असते. मग ती वाचता येईल का?

डॉक्टरांनी ती फार पूर्वी वाचली आहे. मुलांचा एक जन्मजात आजार असतो. त्यात फुप्फुसात चिकट कफ साठतो आणि अन्न पचत नाही. १९४८ च्या उन्हाळ्यात न्यूयॉर्क शहरात उष्णतेची लाट आली. तेव्हा या आजाराची मुले उन्हाने जास्त कोसळली. पॉल दि सांत-अग्नेझे नावाच्या डॉक्टरांनी याचा माग काढला. १९५३ साली त्यांनी दाखवून दिले की या मुलांचा घाम फार खारट असतो. मीठ परत ओढणाऱ्या नळीचे दारच बिघडलेले असते. पुढे १९५९ साली एक सोपी तपासणी निघाली. हातावर औषध लावून अगदी सौम्य वीज सोडायची, तेवढ्या जागी घाम आणायचा, आणि त्यातले मीठ मोजायचे. तीच तपासणी आजही चालते. सुई नाही, रक्त नाही. नुसता घाम.

पण ही झाली दवाखान्यातली गोष्ट. काम करता करता अंगावरच घाम मोजता आला तर?

त्यासाठी आता घामाची पट्टी निघाली आहे. जखमेवर लावतात तशी ती कातडीला चिकटते. आत केसासारख्या बारीक वाटा असतात. घाम ग्रंथीतून स्वतःच्या जोराने वर येतो आणि त्या वाटांत शिरतो. जसजसा घाम येईल तसतशी वाट भरत जाते. थर्मामीटरमधला पारा चढतो, तशी. किती भरली त्यावरून कळते, किती घाम गेला. वाटेच्या शेवटी छोटी खोली असते. तिच्यात औषध असते. घामातले मीठ लागले की औषधाचा रंग बदलतो. मीठ जास्त, रंग गडद. अमेरिकेत जॉन रॉजर्स या शास्त्रज्ञाच्या मंडळींनी २०१६ साली अशी पट्टी करून दाखवली. लांब पल्ल्याच्या शर्यतीत सायकलस्वारांच्या अंगावर ती लावून पाहिली.

दुसरा प्रकार विजेचा. त्यालाच सेन्सर म्हणतात. सेन्सर म्हणजे जाणीव असलेला छोटा तुकडा. दूध डेअरीत काय होते ते आठवा. तुम्ही किटलीतले दूध ओतता. यंत्र त्यातला थेंब घेते, आणि फॅट किती ते आकड्यात दिसते. तसाच हा. त्यावर एक पातळ पडदा असतो. मिठातला सोडियम नावाचा भाग तेवढा त्या पडद्याला ओळखीचा. तो आला की पडद्यापाशी विजेचा अगदी बारीक दाब तयार होतो. सोडियम जास्त असेल तर दाबही बदलतो. हा दाब मोजून यंत्र आकडा काढते आणि मोबाइलवर पाठवते. २०१६ सालीच कॅलिफोर्नियातल्या बर्कले येथील विद्यापीठात असा पट्टा तयार झाला. तो मनगटाला किंवा कपाळाला बांधायचा. अली जावे आणि वेई गाओ यांच्या मंडळींचे हे काम. सोडियम, पोटॅशियम, साखर, थकलेल्या स्नायूंतून येणारे आम्ल आणि कातडीची उष्णता, अशा पाच गोष्टी तो एकाच वेळी मोजत होता.

२०२१ साली अमेरिकेतील गेटोरेड कंपनीने खेळाडूंसाठी रंगाची पट्टी बाजारात आणली. पट्टी लावून व्यायाम करायचा. मग मोबाइलने तिचा फोटो घ्यायचा. घाम किती गेला, मीठ किती गेले, ते मोबाइल सांगतो. ती एकदाच वापरता येते.

इथे एक गोष्ट जपून सांगितली पाहिजे. घामात साखर असते हे खरे. पण ती रक्तातल्या साखरेच्या मानाने फारच थोडी असते, सुमारे शंभरावा भाग. कातडीवर आधीच काही लागलेले असेल तर तेही तिच्यात मिसळते. म्हणून घामावरून मधुमेह मोजण्याचे काम अजून शास्त्रज्ञांच्या हातात आहे, तुमच्या-आमच्या हातात आलेले नाही. पण बाजारात स्वस्त घड्याळे येतात. विकणारा सांगतो, "सुई नको, रक्त नको, घड्याळ साखर सांगतं." त्यावर विश्वास ठेवू नका. फेब्रुवारी २०२४ मध्ये अमेरिकेच्या औषध खात्याने लोकांना बजावले, की कातडीला न टोचता साखर मोजणाऱ्या कोणत्याही घड्याळाला किंवा अंगठीला आम्ही मंजुरी दिलेली नाही. चुकीच्या आकड्यावर भिस्त ठेवून इन्सुलिन जास्त घेतले, तर माणूस बेशुद्ध पडतो, प्रसंगी मरतोही. साखर पाहायची तर बोटाचा थेंब द्यावा. दंडावर चिकटवायचे एक यंत्र डॉक्टर देतात, ते मात्र खरे आहे. पण त्याची बारीक तार कातडीखाली जाते. ते घाम मोजत नाही.

घामाच्या पट्टीचे खरे बळ पाणी आणि मीठ मोजण्यात आहे. मग ती आधी कोणाला मिळायला हवी? खेळाडूंना मिळाली, त्याबद्दल तक्रार नाही. पण खेळाडू दोन तास पळतो आणि सावलीत येऊन बसतो. उसाच्या फडातल्या माणसाचे काय?

आपला जिल्हा साखर कारखान्यांचा. १९५० साली प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना सुरू झाला, आणि पुढे कारखाने वाढत गेले. ऊस तोडणारी माणसे पाथर्डी, शेवगाव आणि बीडकडची. दिवाळी झाली की त्यांच्या गाड्या निघतात. सुरुवातीला थंडी असते. पण हंगाम लांबला की मार्च-एप्रिलचे ऊन फडात गाठते. उसाच्या फडात वारा लागत नाही. मोळी डोक्यावर. पाणी दूर. बाया तर मुद्दामच कमी पाणी पितात, कारण आडोशाला जागा नसते. हे कोणाला सांगायचे?

समुद्रापलीकडे मध्य अमेरिकेत निकाराग्वा आणि एल साल्वादोर हे देश आहेत. तिथेही ऊस होतो. तिथल्या ऊसतोड मजुरांत तरुण माणसांचे मूत्रपिंड निकामी होऊ लागले. त्यांना ना मधुमेह, ना रक्तदाब. हजारो माणसे गेली. रोज उन्हात राबणे आणि रोज अंगातले पाणी आटणे, हे त्याचे एक मोठे कारण, असे डॉक्टर म्हणतात. तिथे काही ठिकाणी आता फडाजवळ सावलीचा मांडव असतो, पिण्याचे पाणी असते, आणि ठरल्या वेळी सक्तीची विश्रांती असते. पट्टी आली तर ती सांगेल, "या माणसाचं पाणी संपत आलं." पण ते ऐकून मुकादमाने कोयता खाली ठेवू दिला पाहिजे. ते काम पट्टी करू शकत नाही.

पट्टी आपल्याकडे येईल तेव्हा येईल. तोवर वजनकाटा आहे. रेशन दुकानात किंवा गिरणीत काटा असतो. समजा, सकाळी कामाला जाताना वजन ६० किलो भरले. संध्याकाळी घाम पुसून, कोरडे कपडे घालून ते साडेअठ्ठावन्न भरले. दिवसभरात चार लिटर पाणी पोटात गेले. जेवणाचा आणि लघवीचा हिशेब बाजूला ठेवू. मग घाम किती गेला? दीड आणि चार, म्हणजे साडेपाच लिटर. लिटरला दोन ग्रॅम धरले तरी अकरा ग्रॅम मीठ गेले. चहाचे जवळजवळ दोन चमचे. दुसऱ्या दिवशी पाणी किती वाढवायचे, ते यावरून ठरवता येते. आणखी एक खूण लघवीची. फिकट असली तर ठीक. गर्द पिवळी आणि थोडीशी होत असेल तर पाणी कमी पडले आहे.

मीठ सर्वांनीच वरून खावे असे नाही. भाकरी, कालवण, ठेचा यांतून पुष्कळ मीठ जाते. दिवसभर उन्हात घाम गाळणाऱ्यालाच ते कमी पडते. त्याला मीठ घातलेले ताक, कैरीचे पन्हे किंवा जलसंजीवनी चांगली. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालावे. चमचा चहाचा. साखर चवीसाठी नसते बरे का. ती आतड्यातून मिठाला आणि पाण्याला हात धरून रक्तात नेते. १९७१ साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत पटकीची साथ पसरली. तेव्हा डॉक्टर दिलीप महालनबीस यांनी हेच साधे पाणी पाजून हजारो जीव वाचवले. ज्याला रक्तदाबाचा, हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा आजार आहे, त्याने मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय मीठ वाढवू नये.

गोळे येणे ही पहिली सूचना. त्यापुढे धोका आहे. उन्हात राबणारा माणूस असंबद्ध बोलू लागला, झोकांड्या खाऊ लागला, अंग तव्यासारखे तापले, तर तो उष्माघात समजा. "घाम येतोय, म्हणजे उष्माघात नाही" असे काही जण म्हणतात. ते चूक आहे. कष्ट करणाऱ्याला उष्माघातातही घाम असू शकतो. त्याला ताबडतोब सावलीत न्या. कपडे सैल करा. अंगावर पाणी ओता आणि जोरात वारा घाला. बर्फ असेल तर मानेला आणि काखेत लावा. १०८ ला फोन करा. पण गाडीची वाट पाहत बसू नका, पाणी ओतत राहा. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नका, ते श्वासनळीत जाते.

अण्णा अजूनही स्लॅबवर जातो. आता त्याच्या पिशवीत दोन पाकिटे असतात, आणि काम सुरू झाले की तो पोरांना तासातासाला हाक मारून पाणी पाजतो. त्याची आई संध्याकाळी सदरा धुण्याआधी पाठीची बाजू उजेडात धरून पाहते.

"आज लई पांढरं हाय रे," ती म्हणते, आणि ताकाचे भांडे पुढे सरकवते.